कांद्याचा भाव आणि पदवीचा भाव

विद्यार्थी मित्रांनो, दहावीचे वर्ष सुरू झाले की घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप खाली ठेवता ठेवता तुम्हांला एक प्रश्न हमखास विचारतो. "मग, पुढे काय करणार?" तुम्ही तोंड उघडण्याआधीच दुसरे कोणीतरी उत्तर देऊन टाकते. "हल्ली कॉम्प्युटरला फार मागणी आहे. तेच घे." कोणी म्हणते, "फार्मसी कर, दुकान टाकता येईल." कोणी शेजारच्या मुलाच्या पगाराचा आकडा सांगते, आणि मग घरातले सगळे तुमच्याकडे पाहू लागतात.

या सल्ल्यांमागे तुमच्याबद्दलची काळजीच असते, याबद्दल शंका नको. पदवी घेऊन पोटापाण्याची सोय व्हावी असे वाटणे यात लाजण्यासारखेही काही नाही. ज्या घरात शिक्षणासाठी कर्ज काढावे लागते किंवा जमिनीचा तुकडा गहाण टाकावा लागतो, त्या घराने नोकरीचा विचार आधी केला तर त्याला हव्यास कसे म्हणावे? माझा आक्षेप वेगळा आहे. 'आज कशाला मागणी आहे' हा प्रश्न व्यवहारी दिसतो, पण तो पुरेसा व्यवहारी नाही. तो का नाही, हे समजण्यासाठी थोडा वेळ कांद्याच्या शेतात जाऊ या.

कोळ्याचे जाळे

नाशिक जिल्ह्यातील लासलगावची कांद्याची बाजारपेठ तुम्हांला ऐकून माहीत असेल. एखाद्या वर्षी कांद्याला उत्तम भाव मिळतो. तो पाहून पुढच्या हंगामात ज्याच्या त्याच्या शेतात कांदा लागतो. रोपांची लागण केल्यापासून पीक हाती यायला साधारण चार महिने लागतात. चार महिन्यांनी सगळ्यांचा कांदा एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. पोळलेला शेतकरी पुढच्या खेपेला कांदा कमी लावतो. मग कांद्याचा तुटवडा पडतो आणि भाव पुन्हा चढतो. अवेळी पाऊस आणि निर्यातीचे निर्णय यांमुळेही भाव हलतो, हे खरे. पण हे चक्र तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या घरच्या मुलांना चांगले परिचयाचे असेल.

या चक्राचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान नाही. कारण आहे विलंब. निर्णय आजच्या भावावर घेतला जातो, माल मात्र उद्याच्या बाजारात विकावा लागतो. मागणी आणि पुरवठा यांच्या आलेखावर ही हालचाल काढली तर रेषा गोल गोल फिरत कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. म्हणून अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी १९३४ मध्ये या सिद्धान्ताला कोळ्याच्या जाळ्याचेच नाव दिले.

आता कांद्याच्या जागी पदवी ठेवून पाहा. कांद्याचे पीक चार महिन्यांचे, तर अभियांत्रिकीच्या पदवीचे पीक चार वर्षांचे. तुम्ही आज दहावीत असाल तर त्यात अकरावी आणि बारावी मिळवा. म्हणजे आज मनात पेरलेला निर्णय बाजारात यायला सहा वर्षे लागणार! अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये तेथील इंजिनिअरांच्या बाबतीत नेमके हेच तपासून दाखवले. इंजिनिअरांचे सुरुवातीचे पगार वाढले की त्या शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांची संख्या वाढते. काही वर्षांनी ही सारी मुले एकदम पदवी घेऊन बाहेर पडतात, तेव्हा नव्या इंजिनिअरांचे पगार दबतात. ते पाहून पुढची मुले ती शाखा टाळतात आणि चक्र उलट फिरू लागते.

असे उदाहरण शोधायला अमेरिकेलाच जायला हवे असे नाही. आपल्या महाराष्ट्रात २००० नंतरच्या काही वर्षांत डी.एड.कडे मुलामुलींची मोठी रीघ लागली होती. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका आणि मग प्राथमिक शाळेत नोकरी, असा हिशेब घरोघर मांडला गेला. अध्यापक विद्यालये भराभर निघाली. पुढे २०११ मध्ये राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली आणि २०१२ पासून शिक्षक भरती थांबली. पदविका हातात असलेली हजारो मुलेमुली वाट पाहत राहिली. ज्या अध्यापक विद्यालयांत प्रवेशासाठी रांगा लागत, त्यांतील कित्येक विद्यार्थ्यांअभावी बंद पडली. या मुलांनी अभ्यासात काही कमी केले नव्हते. त्यांनी आजचा भाव पाहून उद्याचे पीक लावले, इतकेच.

मग जे सगळे करतात त्याच्या उलट करावे का? नाही. सगळ्यांनीच उलट करायचे ठरवले तर ते चक्र दुसऱ्या बाजूने फिरेल. शिवाय शाखा ओस पडण्याचे कारण नेहमी विलंब हेच असते असे नाही. कधी कधी ते कामच खरोखर कमी झालेले असते. या सिद्धान्तातून घ्यायचा धडा साधा आहे. पहिल्या पगाराच्या आकड्यावर पदवी निवडू नये, कारण तो आकडा तुम्ही बाहेर पडेपर्यंत टिकेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. तुमची नोकरी-व्यवसायाची वर्षे पस्तीस-चाळीस असणार. एवढ्या काळात भाव कितीदा तरी चढेल आणि उतरेल.

पदवी तुम्हांला काय देते?

मग पाहायचे काय? माझ्या मते कोणत्याही पदवीला पहिला प्रश्न असा विचारावा, "तू मला नेमके काय देणार?" याची उत्तरे मुख्यतः तीन प्रकारची असतात.

काही पदव्या परवाना देतात. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, पशुवैद्य, वकील, वास्तुविशारद यांची कामे कायद्याने बांधलेली आहेत. औषधनिर्मात्यांसाठी १९४८ चा, वकिलांसाठी १९६१ चा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा आणि पशुवैद्यांसाठी १९८४ चा कायदा आहे. ठरावीक शिक्षण घेतल्याशिवाय आणि नोंदणी झाल्याशिवाय त्या नावाने व्यवसाय करता येत नाही. येथे पदवीला पर्याय नाही. पण म्हणूनच एक काळजी घ्यावी लागते. त्या संस्थेला त्या त्या परिषदेची मान्यता आहे की नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वी स्वतः तपासायचे. मान्यता नसलेल्या संस्थेत तीन-चार वर्षे आणि सारी पुंजी घालवली, तर हाती कागद येतो, परवाना येत नाही.

काही अभ्यासक्रम कसब देतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील, म्हणजे आपल्या बोलीतील आय.टी.आय.मधील, फिटर, टर्नर, वीजतंत्री हे अभ्यासक्रम आणि तंत्रनिकेतनातील तीन वर्षांच्या पदविका या प्रकारात येतात. येथे तुमचा हात काय करू शकतो याला मोल असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामुळे कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकताना विद्यावेतनही मिळते. 'कमी गुण मिळालेल्यांनी जायची जागा' म्हणून या वाटेकडे पाहणे हे आपल्या समाजाचे मोठे अज्ञान आहे. बिघडलेली मोटर नीट चालू करणाऱ्या माणसाला त्याचे दहावीचे गुण कोणी विचारत नाही.

तिसऱ्या प्रकारच्या पदव्या पाया देतात. बी.एस्सी., बी.ए., बी.कॉम. या पदव्या कोणत्याही एका नोकरीकडे बोट दाखवत नाहीत. म्हणून त्या निरुपयोगी ठरतात काय? मुळीच नाही. पण नुसता पाया बांधून त्यात राहायला जाता येत नाही, त्यावर भिंती उभ्या कराव्या लागतात. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीला औषधांच्या कारखान्यात गुणनियंत्रण विभागात काम मिळू शकते. तेथे तिला पाहिले जाते ते असे: द्रावण अचूक करता येते का? उपकरण हाताळता येते का? नोंदवही प्रामाणिकपणे आणि नीटनेटकी ठेवता येते का? प्रात्यक्षिकांची वही शेजाऱ्याची पाहून भरली असेल तर पदवी असूनही ही उत्तरे देता येत नाहीत. ज्याने पायाची पदवी निवडली त्याने पहिल्या वर्षापासूनच स्वतःला विचारत राहावे, "यावर मी कोणती भिंत बांधणार?" ती भिंत संख्याशास्त्राची असेल, संगणकाची असेल, एखाद्या परकीय भाषेची असेल किंवा एम.एस्सी. आणि संशोधनाची असेल.

जाहिरातीतील आकड्यांचे गणित

आता थोडे गणित करू. एखाद्या महाविद्यालयाच्या पत्रकात छापलेले असते, 'आमच्या विद्यार्थ्यांना सरासरी सहा लाख रुपये वार्षिक वेतन.' आकडा खरा असेलही. पण समजा, दहा विद्यार्थ्यांना नोकऱ्या मिळाल्या. नऊ जणांना प्रत्येकी तीन लाख आणि एकाला तेहतीस लाख. एकूण झाले साठ लाख. त्यांना दहाने भागले की सरासरी सहा लाख येते! प्रत्यक्षात मात्र सहा लाख मिळवणारा एकही विद्यार्थी त्या दहांत नाही.

म्हणून सरासरीपेक्षा मध्यक विचारावा. सर्व पगार चढत्या क्रमाने मांडले की बरोबर मधोमध येते ती संख्या म्हणजे मध्यक. वरच्या उदाहरणात मध्यक तीन लाख येतो, आणि खरे चित्र तेच आहे. नववी-दहावीच्या पुस्तकातील मध्यमान, मध्यक आणि बहुलक यांचा आयुष्यात काय उपयोग, असे तुमच्यापैकी कोणी विचारत असेल तर त्याला हे उदाहरण सांगा.

आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नका: भागाकार कितीने केला? पहिल्या वर्षाला शंभर मुले दाखल झाली, त्यांतील साठ वेळेवर उत्तीर्ण झाली आणि त्यांपैकी तीस जणांना नोकरी मिळाली, असे समजा. 'उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी पन्नास टक्क्यांना नोकरी' हे विधान खरे आहे. पण तुम्ही दाखल होणाऱ्या शंभरांपैकी एक असणार. तुमच्या दृष्टीने तो आकडा तीस टक्के आहे. छेद बदलला की अर्थ बदलतो.

प्रयोग केल्यावाचून निष्कर्ष नको

"ज्याची आवड आहे तेच करा" असेही तुम्हांला सांगितले जाते. ऐकायला हे गोड वाटते. पण पंधराव्या वर्षी आपली आवड आपल्याला खरोखर ठाऊक असते का? ज्या कामाचा आपण एक दिवसही अनुभव घेतलेला नाही, त्याची आवड म्हणजे बहुधा त्या कामाच्या चित्राची आवड असते. चित्रपटातला डॉक्टर आवडणे आणि रात्री दोन वाजता प्रसूतीच्या खोलीत उभे राहणे आवडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विज्ञानाचा विद्यार्थी येथे काय करील? तो प्रयोग करील. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत तुमच्या मनातले काम करणाऱ्या एखाद्या माणसाबरोबर, त्याची आणि घरच्यांची परवानगी घेऊन, दोन दिवस काढा. प्रयोगशाळा तंत्रज्ञ असेल, पूल बांधणारा इंजिनिअर असेल, रोपवाटिका चालवणारा कृषी पदवीधर असेल किंवा जमाखर्च तपासणारे लेखापाल असतील. त्यांना पगार विचारू नका, तो कोणीही सांगेल. हे तीन प्रश्न विचारा: सकाळी आल्यावर पहिले काम कोणते करता? या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता? आणि गेल्या दहा वर्षांत या कामात काय बदलले?

पहिल्या प्रश्नातून काम कळते. दुसऱ्यातून किंमत कळते, कारण प्रत्येक कामाला कंटाळवाणी बाजू असते आणि आपल्याला सोसेल अशी बाजू निवडणे हीच खरी निवड. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात भविष्याची थोडीशी चुणूक असते. संगणकाने त्या कामातला कोणता भाग घेतला आणि कोणता माणसाकडे राहिला, हे त्या माणसाइतके चांगले दुसरे कोणी सांगू शकणार नाही. मिळालेली उत्तरे वहीत लिहून ठेवा. तीन निरनिराळ्या कामांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की तुमचा तुम्हांलाच पुष्कळ उलगडा होईल.

परतीची वाट

इतके करूनही निवड चुकू शकते. म्हणून वाट निवडताना पुढच्या दरवाजाबरोबर बाजूचे दरवाजेही पाहून ठेवावेत. आय.टी.आय.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविका घेतलेल्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. दहावीनंतर लगेच हाताला काम हवे असलेल्या मुलाला ही शिडी फार मोलाची आहे, कारण तो मध्येच कमाई करून पुन्हा चढू शकतो. उलट, अकरावीत गणित अवघड वाटते म्हणून सोडून दिले तर अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, संख्याशास्त्र यांचे दरवाजे साधारणपणे मिटू लागतात. सोडायचे असेल तर खुशाल सोडा, पण कोणते दार लावून घेत आहोत हे माहीत असू द्या.

शिकलेले सहसा वाया जात नाही, याचे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आले. चित्रकलेची वाट बंद झाली. तेथे शिकलेले रेखाटन मात्र त्यांच्या हातात राहिले. ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते रेखाटन शिकवू लागले. पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले, मग लोखंडी नांगर तयार केले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. चित्रकाराची पदवी हुकली, पण आखीव रेघ काढणारा हात उपयोगी पडला. (जाता जाता: रंगांधळेपणाची तपासणी तुम्हीही एकदा करून घ्या. रेल्वेचा इंजिनचालक होण्यासारख्या काही कामांना रंगदृष्टी निर्दोष लागते. शेवटच्या वैद्यकीय तपासणीत हे कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.)

दोन शब्द शिक्षकांशी

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळांत शाखा अजून गुणांच्या चाळणीने ठरते. नव्वद टक्क्यांच्या वर विज्ञान, त्याखाली वाणिज्य आणि उरलेल्यांना कला. या चाळणीत विद्यार्थ्याची कुवतही दिसत नाही आणि कामाचे स्वरूपही दिसत नाही. वर्षातून दोन शनिवार तरी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना वर्गात बोलवावे. त्यांत फक्त परदेशी गेलेले आणि बक्षीस मिळवलेले नकोत. गावातच कारखान्यात पर्यवेक्षक झालेली मुलगी यावी आणि पदवी अर्धवट सोडून पुन्हा उभा राहिलेला मुलगाही यावा. यशाच्या गोष्टींइतकीच चुकीच्या वळणांची माहिती मुलांना हवी असते, आणि ती सहसा कोणी देत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. 'तिला जवळचे महाविद्यालय पुरे, तिला काय करायचे आहे' हे वाक्य घरात उच्चारले जाते तेव्हा पुष्कळदा त्या मुलीची बाजू मांडणारे शिक्षकांखेरीज कोणीच नसते. अशा वेळी शिक्षकाने तिच्या वडिलांशी बोलायला घरापर्यंत जाऊन केलेला दहा मिनिटांचा संवाद एखाद्या शिष्यवृत्तीइतका मोलाचा ठरू शकतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी पाहुण्यांनी "मग, पुढे काय करणार?" असे विचारले तर गोंधळून जाऊ नका. "अजून ठरले नाही. पण काका, तुम्ही सकाळी कामावर गेल्यावर पहिले काय करता?" असे त्यांनाच विचारा. पाहुणे आधी चमकतील आणि मग बोलू लागतील. तुमच्या वहीतली पहिली नोंद तेथेच सुरू होईल.